घुमणे: गुण की दोष? (घरचा सबवूफर लावताना अडलेला शब्द)

खोकेवाला
दिवाळीच्या सुट्टीत घरी सबवूफर, म्हणजे फक्त खोल बेस वाजवणारा स्पीकर, केला. 12 इंची ड्रायव्हर (आवाज काढणारा पडदा आणि कॉइल), 18 मिलिमीटर प्लायवूडचा बंद खोका. सिनेमा लावला की मधूनच खिडकीची काच थरथरते, आणि काही प्रसंगांत बेस आहे की नाही तेच कळत नाही. माइक लावून मोजलं. खोली 14 फूट लांब, त्यामुळे 40 हर्ट्झला (सेकंदाला 40 कंपनांच्या सुराला) भलामोठा उंचवटा, म्हणजे आवाज फार मोठा, आणि सोफ्याच्या जागी 60 च्या जवळ खड्डा, म्हणजे आवाज जवळजवळ गायब.

मी आता बंगळूरला परत जाणार, म्हणून बाबांसाठी मराठीत एक पान लिहून ठेवलं: 'बेस घुमत असेल तर 40 कमी करा.' बाबा तीस वर्षं तबला वाजवतात. त्यांनी 'घुमत' खाली रेघ मारली. म्हणाले, "घुमतोय म्हणजे चांगलाच आहे की, कमी कशाला करायचा?" त्याच संध्याकाळी आई म्हणाली, "नुसतं घुमतंय, बोललेलं कळत नाही." एकाच घरात एक शब्द, दोन अर्थ.

दुसरी अडचण, इक्वलाइझ करणे, म्हणजे वेगवेगळ्या सुरांचा जोर कमी-जास्त करून सारखा करणे, याला काय म्हणू?

तारकरी
वडिलांचं बरोबर आहे. डग्गा घुमतो, तंबोरा घुमतो, हे कौतुकच. मनगटाने घिस्सा दिल्यावर डग्गा घुमला नाही तर तो बसलेला म्हणायचा. दोषाला आपल्याकडे शब्द आहे: बद्द. तडकलेलं मडकं बद्द वाजतं.

खोकेवाला
पण बद्द म्हणजे नाद मेलेला. इथे उलट आहे, नाद मरतच नाही. 40 चा सूर थांबला तरी खोली तो धरून ठेवते. त्या सुराची अर्धी लाट बरोबर 14 फुटांची, म्हणून ती दोन भिंतींमध्ये चपखल बसते.

फोंड्याची
आमच्या गोव्यात घुमट नावाचं वाद्यच आहे. मातीचं भांडं, मोठ्या तोंडावर कातडं. पूर्वी घोरपडीचं असायचं, आता बकऱ्याचं. धाकटं तोंड उघडं. वाजवणारा डाव्या हाताचा तळवा त्या उघड्या तोंडावर आणतो, काढतो, आणि आवाज फुगतो, आवळतो. माझा मामा आरतीला वाजवायचा. लहानपणी मी त्या तोंडाशी गाल नेला होता, प्रत्येक थापेला वाऱ्याची फुंकर लागते. भोक ठेवलेला सबवूफरचा खोका असतो ना, त्याचं काम अगदी असंच. तेव्हा घुमणं हा दोष कसा?

शुद्धमती
वाद्याचं नाव घुमट, कारण ते घुमतं. देवळाचा घुमटही त्यावरूनच.

विजापूरवासी
नाही. इमारतीचा घुमट फारसी गुंबदवरून आला. आमच्या गोलघुमटात कुजबुजलेलं पलीकडच्या भिंतीपाशी ऐकू येतं म्हणून लोक घुमण्याशी नातं जोडतात, पण शब्द बाहेरचा आहे.

शुद्धमती
इमारतीचं मान्य करते. वाद्याचं नाही. 'घुम्' हा आवाजच आहे, त्याला फारसी लागत नाही.

फोंड्याची
मामा तर म्हणायचा, घटाचा घुमट झाला.

मंडपवाला
दादा, मूळ प्रश्नाला उत्तर देतो. पंधरा वर्षं साउंड लावतो. इक्वलाइझ करण्याला आम्ही 'ईक्यू मारतो' म्हणतो आणि सगळ्यांना कळतं. चांगल्या बेसला 'गोळीबंद', वाईटाला 'फुगलेला'. कोश कशाला हवा?

शुद्धमती
कारण वडील कोशातली नव्हे, पण मराठी भाषा वाचणार आहेत. 'समकारी' म्हणा. 'समकारीने 40 कमी करा.' नेमकं आहे.

मंडपवाला
समकारी ऐकून माझा पोरगा दुकान सोडून जाईल, ताई. मनापासून सांगतो. शब्द हातात धरता आला पाहिजे.

तारकरी
तबलजी माणसाला तबल्याचाच शब्द द्या: मिळवणे. तबल्याच्या कडेला सुराची सोळा घरं. एखादं घर उतरलेलं असतं, एखादं चढलेलं. हातोडीने गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या वेणीवर, वरून ठोकलं की घर चढतं, खालून ठोकलं की उतरतं. सोळाही घरं एका सुरात आली की तबला मिळाला. तुमचा सबवूफरही तसाच मिळवायचा.

खोकेवाला
हे वाचून आनंद झाला, कारण बाबांना लगेच कळेल. पण दोन ठिकाणी अडतं. एक, तबल्याचं उतरलेलं घर ठोकून चढवता येतं, खोलीतला खड्डा भरता येत नाही. तिथे सरळ आलेली लाट आणि भिंतीवरून परतलेली लाट एकमेकींना खातात. आवाज वाढवला तर दोन्ही वाढतात, खड्डा तसाच. 10 डेसिबल वाढवायला अॅम्प्लिफायरला दहापट ताकद लावावी लागते, कॉइल मात्र तापते. म्हणून उंचवटे छाटायचे आणि खड्ड्यासाठी खोका किंवा सोफा हलवायचा. दोन, 'उतरवा' लिहिलं तर बाबा सूर उतरवा असं समजतील. तबल्यात चढवणं-उतरवणं सुराचं असतं, जोराचं नाही.

तारकरी
खरं आहे. हे माझ्या लक्षात आलं नाही. 'छाटा'च ठेवा.

शुद्धमती
आणि बेस का लिहिता? खर्ज आहे ना आपल्याकडे.

तारकरी
खर्ज म्हणजे षड्ज. उत्तरेत ष चा ख झाला आणि खरज, खर्ज आलं. काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची पितळी तार साधारण 69 हर्ट्झला बोलते. सबवूफर त्याच्या खाली 20-25 पर्यंत जातो. तिथे कुठलाही गवय्या जात नाही. त्याला खर्ज म्हणणं मला पटत नाही.

शुद्धमती
मग अतिखर्ज म्हणा. शब्द ताणल्याशिवाय भाषा वाढत नाही.

वऱ्हाडी पाहुणा
आमच्याकडे 'बेस झालं' म्हणजे छान झालं. आजी टीव्हीचा आवाज लावून द्यायची आणि म्हणायची, 'आता बेस वाटते.' मला बरीच वर्षं वाटायचं हा तोच शब्द.

विजापूरवासी
तो फारसी बेश. याचा त्याच्याशी संबंध नाही.

खोकेवाला
काल बाबांनी माझं पान न वाचताच खोका कोपऱ्यातून ओढून खिडकीखाली ठेवला. पुन्हा मोजलं, 40 चा उंचवटा बराच बसला. आई म्हणते, घुमायचं थांबलं. बाबा म्हणतात, आत्ता कुठे घुमायला लागला. पानावरचं ते वाक्य अजून रिकामंच आहे.

फोंड्याची
मामाच्या 'घट'बद्दल कुणी काही बोललं नाही. कोकणीत आणखी कुणी ऐकलंय का?