सेशनमध्ये क्लायंट म्हणाली "ताई, दोन शब्द प्रार्थना करा", मी नाही म्हणाले. चुकलं का?

नगरची_लेक

सगळ्यांना सलाम. पोस्ट मोठी आहे, पण वेळ काढून वाचा प्लीज.

मी पुण्यात एमए सायकॉलॉजी करतेय, दुसरं वर्ष. घर अहिल्यानगरचं, पणजोबांपासून आम्ही मराठी मिशनच्या ख्रिस्ती मंडळीतले, संडे स्कूल, ना. वा. टिळकांची भजनं, नाताळात रात्री घरोघरी गात फिरणं, यातच वाढले. सध्या एका कौन्सेलिंग सेंटरमध्ये इंटर्नशिप चालू आहे. तपशील थोडे बदलून सांगते.

चाळिशीच्या एक बाई येतात. नवरा जाऊन आठ महिने झालेत, जेवण जात नाही, पहाटे तीनला जाग येते आणि मग उजाडेपर्यंत पंख्याकडे बघत पडून राहतात. आमच्या लोकांचं आडनावावरून काही कळत नाही, पण माझ्या नावावरून त्यांनी ओळखलं की मीही त्यांच्यासारखीच ख्रिस्ती आहे. तिसऱ्या सेशनला रडता रडता म्हणाल्या "देवानं मला टाकलंय, काहीतरी पाप असणार माझं", आणि एकदम टेबलावरून माझा हात धरला. "ताई, डोळे मिटून दोन शब्द बोला ना माझ्यासाठी." मी घाबरले. तोंडातून निघून गेलं, "इथे आपण ते करत नाही." त्यांनी हात काढून घेतला, पदर सावरला, "बरं" एवढंच म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात आल्याच नाहीत.

सुपरव्हायझर म्हणाल्या तू बरोबर केलंस, बाउंड्री पाळलीस. मंडळीतल्या एका मावशींना नाव न सांगता विचारलं तर त्या म्हणाल्या, तू प्रभूला नाकारलंस. कॉलेजमध्ये फ्रॉइड शिकवताना सर सांगतात धर्म म्हणजे माणसाने स्वतःच्या समाधानासाठी तयार केलेला भ्रम, आणि रविवारी उपासनेला गेलं की पुलपिटवरून ऐकायला मिळतं डिप्रेशन म्हणजे विश्वास कमी पडला. सोमवार ते शनिवार मी एक असते आणि रविवारी दुसरी. हे दोन्ही एका माणसात राहू शकतं का, आणि त्या क्षणी मी नेमकं काय करायला हवं होतं?

---

समुपदेशक_पुणे

अगं, आधी एक गोष्ट, बाकी सगळं नंतर. नवरा गेलाय, झोप उडालीय, देवाने टाकलंय म्हणतायत आणि येणं बंद केलंय. सुपरव्हायझरना सांगून उद्याच सेंटरच्या फोनवरून त्यांना फोन कर आणि जगणं नकोसं वाटतं का, जिवाचं काही करावंसं वाटतं का हे सरळ विचार. विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून मोकळं होतात माणसं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबरही देऊन ठेव, मराठीतही बोलता येतं त्यावर.

आता तुझा प्रश्न. मी चौदा वर्षं हे काम करतेय, मीही ख्रिस्ती आहे. तुझं नाही म्हणणं ही चूक नव्हती, पण नाही म्हणून तू दार लावून घेतलंस तिथे गडबड झाली. त्या बाईने तुझ्याकडे प्रार्थना मागितली म्हणजे तिच्या मनात काय चाललंय त्याची किल्लीच तुझ्या हातात दिली होती. "काय मागावंसं वाटतंय देवाजवळ?" एवढं विचारायचं. मग कळलं असतं की ती नवऱ्यासाठी मागतेय, माफी मागतेय की मरण मागतेय, आणि तिन्हींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

केनेथ पार्गामेंट नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, संकटात माणूस श्रद्धेचा वापर कसा करतो यावर त्यांनी आयुष्यभर काम केलंय. त्यांची एक छोटी प्रश्नावली आहे, १४ वाक्यांची. सात वाक्यं आधार देणाऱ्या श्रद्धेची, देवाशी नातं घट्ट करायला बघितलं वगैरे, आणि सात आतून पोखरणाऱ्या श्रद्धेची, म्हणजे देव मला शिक्षा करतोय, देवाने मला सोडलंय. तुझ्या क्लायंटचं वाक्य जवळजवळ शब्दशः त्यात आहे! म्हणजे तिची श्रद्धा हा तुझ्या सेशनमधला विषयच आहे, बाहेर ठेवायची वस्तू नाही.

मी स्वतः सेशनमध्ये मोठ्याने प्रार्थना करत नाही. क्लायंटला करायची असली तर म्हणते "तुम्ही करा, मी बसते तुमच्यासोबत", आणि गप्प बसते. मग आत्ता काय मागितलंत त्यावर बोलतो आम्ही.

---

खेड्यातला_पाळक

ताई, प्रभूच्या नावात सलाम. पुलपिटवरून तुम्ही जे ऐकलं त्याबद्दल एक पाळक म्हणून मी तुमची माफी मागतो, कारण हे वाक्य मीही पूर्वी बोललेलो आहे.

माझ्या मंडळीत एक तरुण होता, त्याला भास व्हायचे, गोळ्या चालू होत्या. मी त्यांच्या घरी प्रार्थनेला गेलो आणि जोशात म्हणालो "आता फक्त प्रभूवर भरवसा ठेवा". गोळ्या बंद करा असं मी म्हणालो नव्हतो पण घरच्यांनी ऐकलं तेच. तीन आठवड्यांत पोरगा रात्री अंगावर फक्त बनियन घालून हायवेवर चालत निघाला, ट्रकवाल्याने थांबवला म्हणून वाचला. त्या दिवसापासून आजारी माणसाच्या घरी गेलो की प्रार्थनेच्या आधी मी विचारतो "औषधं कुठली चालू आहेत, दाखवा बरं", डबी हातात घेतो आणि सगळ्यांसमोर म्हणतो की ही वेळेवर घ्यायची. पाळकाच्या तोंडून ऐकलं की लोक घेतात.

शास्त्राचंच बघायचं तर बायबलमधला १ राजे, अध्याय १९ उघडा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवाचा दूत येऊन त्याला उपदेश करत नाही, विश्वास कमी पडला असंही म्हणत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, खा म्हणतो. एलीया खातो, परत झोपतो. दूत दुसऱ्यांदा येतो तरी परत भाकरच, म्हणतो पुढचा पल्ला लांबचा आहे. "तू इथे काय करतोस" हा प्रश्न पार होरेब डोंगरावर पोचल्यावर विचारला जातो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळ नाही आणि तरीही ती प्रार्थनाच आहे. आणि योहान ९ मध्ये शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला ते पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? प्रभू म्हणतो कुणाचंच नाही. त्या बाईंना कुणीतरी हे सांगायला हवं.

पण वरच्या मॅडमशी एका बाबतीत मी सहमत नाही. दुःखातल्या बाईने हात धरून प्रार्थना मागितली तर ती करावी. दोन वाक्यांनी कुठलं शास्त्र बुडत नाही.

---

वसईकर

पाळकसाहेब, तुमचा अनुभव वाचून अंगावर काटा आला, तो उघडपणे लिहिलात याबद्दल मनापासून आभार. पण दोन वाक्यांनी काही बिघडत नाही हे मला पटत नाही, कारण कधी कधी बिघडतं.

आम्ही कॅथलिक, मी क्लिनिकल सायकॉलॉजीचं ट्रेनिंग घेतोय. एका मुलाची केस होती. दिवसातून चार-चार वेळा कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला जायचा, या चर्चमधून त्या चर्चमध्ये, कारण मागचं कन्फेशन नीट झालं नाही, एक पाप सांगायचं राहिलं, सांगितलं पण मनापासून पश्चात्ताप झाला नाही, असं संपतच नव्हतं. घरच्यांना वाटायचं पोरगा किती देवभोळा. हा ओसीडी आहे, म्हणजे नको ते विचार आणि कृती परत परत करायला लावणारा आजार, पापशंकेच्या रूपातला. तो थेरपिस्टकडे मागतो "सांगा ना देवाने माफ केलं", आणि तुम्ही सांगितलंत, प्रार्थना केलीत, तर दहा मिनिटं बरं वाटतं आणि शंका दुप्पट होऊन परत येते. उपचार याच्या उलटा असतो, शंका येऊ द्यायची आणि खात्री मागायची नाही. मुलाच्या परवानगीने त्याच्या फादरांशी बोलणं झालं. ठरलं की कन्फेशन एकाच फादरांकडे, पंधरा दिवसांतून एकदा, झालेलं परत सांगायचं नाही. फादरांनी हे पाळलं म्हणून थेरपी चालली, एकट्या सायकॉलॉजिस्टचं त्याने ऐकलं नसतं.

आणि हे चर्चला नवीन नाहीये. जेझुइट संघ स्थापणारे संत इग्नेशियस १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसाला असताना अगदी हेच भोगत होते, खोलीतल्या खड्ड्यात उडी टाकून जीव द्यावा इथपर्यंत. कन्फेशन ऐकणाऱ्या फादरांनी सांगितलं मागचं अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांग, तर त्यांना सगळंच स्पष्ट वाटायचं! शेवटी जुनं काहीही पुन्हा कबूल करायचं नाही असं ठरवलं तेव्हा सुटले.

नगरच्या ताई, तुमच्या सरांना फ्रॉइडच्या मित्राबद्दल विचारा. ऑस्कर फिस्टर, झुरिचचा प्रोटेस्टंट पाळक आणि स्वतः सायकोअ‍ॅनालिस्ट, १९०९ पासून दोघांचा पत्रव्यवहार. फ्रॉइडने १९२७ ला धर्माला भ्रम म्हटलं, फिस्टरने १९२८ ला त्याला जाहीर उत्तर दिलं, तेही फ्रॉइडच्याच प्रोत्साहनाने आणि त्याच्याच वर्तुळातल्या नियतकालिकात. मैत्री फ्रॉइडच्या शेवटापर्यंत टिकली. वर्गात अर्धीच गोष्ट सांगतात.

आत्महत्येच्या बाबतीत पण आमच्याकडे जुना कडकपणा होता, चर्चच्या १९१७ च्या कायद्यात अशांना चर्चचा अंत्यविधी नाकारायची तरतूद होती, १९८३ च्या कायद्यात ती राहिली नाही. आणि चर्चचा १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ (कॅटेकिझम) तर सरळ म्हणतो की गंभीर मानसिक त्रासामुळे माणसाची जबाबदारी कमी होते. चर्चला मनाचं दुखणं समजायला वेळ लागला, पण समजलं.

---

कॅलिफोर्नियातून

मूळची सोलापूरची, इथे हॉस्पिटलमध्ये चॅप्लन आहे, म्हणजे पेशंटना धार्मिक आधार देणारी. थोडंच लिहिते. इथे यावर साठ वर्षं वाद चालू आहेत, पासाडेनाच्या फुलर सेमिनरीने (पाळक घडवणाऱ्या कॉलेजने) १९६५ मध्ये सायकॉलॉजीचं स्कूल काढलं, तर १९७० मध्ये जे अ‍ॅडम्स यांनी समुपदेशनाला बायबल पुरेसं आहे असं ठामपणे मांडलं. वाचा सगळं, पण ही भांडणं इथली आहेत हे लक्षात ठेवून वाचा. आपल्याकडे काम दवाखान्यांतून सुरू झालं. लखनौचं नूर मंझिल १९५० मध्ये स्टॅन्ले जोन्स या मिशनऱ्यांनी काढलं, वेल्लोरच्या सीएमसी या ख्रिस्ती हॉस्पिटलचं मानसिक आरोग्य केंद्र १९५७ चं, तिथे पेशंटसोबत घरचं माणूस राहतं. तुझ्यासारख्यांसाठी वाट तिकडून जास्त जवळची आहे.

आणि अँटन बॉइसेन. पाळक, १९२० मध्ये स्वतः मनोरुग्णालयात भरती झाला, बाहेर आल्यावर १९२५ ला सेमिनरीच्या मुलांना वूस्टरच्या मनोरुग्णालयात घेऊन गेला, पुस्तकांसारखी जिवंत माणसं वाचायला शिका म्हणून. आमचं सगळं ट्रेनिंग तिथून आलंय. मी बेडजवळ रोज प्रार्थना करते, पण मी चॅप्लन आहे, माझ्याकडून तीच अपेक्षा असते. तू कुठल्या खुर्चीत बसली आहेस त्यावर बरंच ठरतं.

---

नगरची_लेक

सगळ्यांचं दोन-तीनदा वाचलं. पाळकसाहेब, तुमचं योहान ९ वाचून मी रडले खरं तर.

एक गोष्ट आत्ता लक्षात आली, ती लिहितेच. गेल्या महिन्यात एक हिंदू क्लायंट म्हणाल्या मी गुरुचरित्राचं पारायण करते, तर मी किती सहज विचारलं होतं, "त्यातून काय मिळतं तुम्हाला?" आणि त्या अर्धा तास छान बोलल्या. तोच प्रश्न मला माझ्याच लोकांतल्या बाईला विचारता आला नाही. सेंटरमध्ये मी एकटीच ख्रिस्ती आहे, कुणी दारातून बघेल आणि म्हणेल ही इथे धर्मप्रचार करतेय, ही भीती होती. ती भीती माझी होती, आणि ती झाकायला मी बाउंड्री म्हणाले. सुपरव्हायझर मॅमना आज हे जसंच्या तसं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या हे तू सेशनच्या दिवशीच सांगायला हवं होतंस.

काल फोन केला त्या बाईंना. मरणाचं सरळ विचारलं. विचार येतात म्हणाल्या, पण करणार नाही, धाकटीची दहावी आहे. नंबर लिहून घेतला, आणि सायकियाट्रिस्टकडे जायला बहिणीसोबत तयार झाल्या. मी म्हणाले त्या दिवशी मी घाईत नाही म्हणाले, तुम्हाला काय मागायचं होतं ते ऐकायचं राहून गेलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाल्या, "झोप मागणार होते गं."

गुरुवारी अकराला येतायत.