पुनावळे की सूस? सरकारी आकड्यांवरून ठरवायला गेले आणि अडकले

मुक्काम कर्वेनगर

नमस्कार. नऊ वर्षं कर्वेनगरला भाड्याने राहतोय. मी हिंजवडी फेज २ ला, नवरा चाकणला. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल, सासऱ्यांना दमा आहे. बजेटमध्ये दोनच जागा बसतायत: पिंपरी-चिंचवडमधलं पुनावळे आणि आता पुणे मनपात आलेलं सूस.

नातेवाइकांना विचारलं तर जो जिथे राहतो तो तिथलंच कौतुक सांगतो. म्हणून म्हटलं, आकडे बघू. तीन रविवार बसून एक्सेल केलं. केंद्र सरकारच्या ईझ ऑफ लिव्हिंग इंडेक्स २०२० मध्ये (कुठलं शहर राहायला किती चांगलं याची क्रमवारी) पुणे दुसरं, पिंपरी-चिंचवड सोळावं. त्याला १०० पैकी ३० गुण ठेवले. मग माणशी पाणी, हवा, शाळा, ऑफिसचं अंतर. बेरीज आली सूस ७१, पुनावळे ५८. पुढच्या आठवड्यात टोकन द्यायचं ठरलं होतं.

पण शनिवारी सूसचा फ्लॅट परत बघायला गेलो, तर सोसायटीच्या फाटकाशी तीन टँकर रांगेत उभे. माझ्या शीटमध्ये पाण्याला सूसला पैकीच्या पैकी गुण आहेत. म्हणजे माझंच कुठेतरी चुकतंय, पण कुठे ते कळत नाही. आयुष्यभराची पुंजी घालतोय हो, कुणीतरी नीट सांगा.

चिखलीकर

ताई, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्हीकडे जाऊन या आणि वॉचमनला विचारा. शीटपेक्षा जास्त कळेल.

रावेत २००९

चिखलीकर म्हणतात ते खरं, पण मे यायला अवकाश आहे आणि यांना टोकन पुढच्या आठवड्यात द्यायचंय. शिवाय आकडे वाईट नसतात. मी बत्तीस वर्षं एका कारखान्याच्या प्लॅनिंग खात्यात आकडेच जुळवत होतो. आता आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. त्यामुळे सविस्तर लिहितो.

तुमची मोठी चूक त्या ३० गुणांत आहे. हा निर्देशांक ४ मार्च २०२१ ला जाहीर झाला. सूस पुणे मनपात आलं ३० जून २०२१ ला, तेवीस गावं एकदम घेतली तेव्हा. म्हणजे पुण्याचा तो दुसरा नंबर निघाला तेव्हा सूस मुळशी तालुक्यातली ग्रामपंचायत होती. सूसच्या नळाला पाणी येतं का, हे त्या क्रमवारीत कुणी मोजलेलंच नाही. तुम्ही कोथरूड-डेक्कनचे गुण सूसला देऊन बसलात. कुठलाही आकडा हातात आला की आधी त्याची हद्द आणि तारीख बघायची, मग आकडा.

दुसरं. २०१८ च्या पहिल्या यादीत पुणे पहिलं होतं आणि पिंपरी-चिंचवड ६९ वं. तेव्हा आमच्याकडे केवढा गदारोळ झाला होता! पुढच्या यादीत सोळावं आलं. दोन वर्षांत शहर इतकं सुधारलं का? तर २०१८ ला १११ शहरं एकाच रांगेत होती. २०२० ला दहा लाखांवरची ४९ शहरं वेगळी काढली आणि गुणांची वाटणीही बदलली, नागरिकांच्या मताला थेट ३० टक्के दिले. रांग वेगळी, मोजपट्टी वेगळी. त्यामुळे ६९ वरून १६ ही प्रगती म्हणून मोजता येत नाही, तसंच ६९ वरून शहराला नावंही ठेवता येत नाहीत. मी इथे २००९ पासून राहतोय, रस्ते आणि उद्यानांच्या बाबतीत हे शहर मला कधीच ६९ वं वाटलं नाही.

आता पाणी. माणशी लिटर हा भागाकार आहे. वर धरणातून उचललेलं पाणी, खाली लोकसंख्या. वरच्या आकड्यात गळतीही येते. आणि खालचा आकडा कुठला? शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा पिंपरी-चिंचवड १७ लाख २७ हजार होतं. त्यानंतर पुनावळे, ताथवडे, रावेत, मोशी इथे किती टॉवर उभे राहिले ते तुम्हीच बघताय. २०२१ ची जनगणना झाली नाही, आता पुढची २०२७ ची. तोपर्यंत खालचा आकडा अंदाजाचाच राहणार, आणि अंदाज कमी धरला की माणशी पाणी कागदावर आपोआप वाढतं. नोव्हेंबर २०१९ पासून आमच्याकडे दिवसाआड पाणी सुरू झालं. पवना धरण भरलेलं असतानाही दिवसाआडच, कारण धरणात पाणी असणं वेगळं आणि ते शुद्ध करून शेवटच्या टाकीपर्यंत पोचवणं वेगळं.

मग खरा आकडा कुठे मिळतो? टँकरच्या वहीत. आमच्या गेटवर एक लाल कापडी बांधणीची वही आहे. टँकर आला की वॉचमन तारीख, वेळ, गाडी नंबर लिहितो, ड्रायव्हर सही करतो. पावसाळ्यात एका पानावर महिना मावतो. मे महिन्याला पाच-पाच पानं लागतात, आणि ओल्या हातांनी उलटून त्या पानांचे कोपरे फुगलेले असतात. गेल्या मे महिन्यात आम्ही दिवसाला सरासरी सहा टँकर घेतले, दहा हजार लिटरचे. फ्लॅट १६८. म्हणजे घरामागे ३५७ लिटर. शहरासाठीचं मानक माणशी १३५ लिटर, चार माणसांच्या घराला ५४०. म्हणजे गरजेच्या दोन तृतीयांश पाणी आम्ही विकत घेतलं. हे कुठल्याच निर्देशांकात नाही, पण आमच्या मेंटेनन्समध्ये आहे.

तुम्ही नव्या बांधकामात घेताय की तयार सोसायटीत? तयार असेल तर वार्षिक सर्वसाधारण सभेचा अहवाल मागा. जमाखर्चात ‘पाणी टँकर’ अशी ओळ असते. तीन वर्षांच्या तीन ओळी मिळाल्या की पुरे. नवं असेल तर बिल्डरने परवानगी घेताना पाण्याचं हमीपत्र दिलंय का ते विचारा. पालिकेचं पाणी येईपर्यंत स्वखर्चाने पुरवीन असं त्यात लिहिलेलं असतं. सोसायटी ताब्यात आली की तो खर्च कुणाच्या गळ्यात पडतो, हे आमच्यासारख्यांना विचारा. महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर ताब्याची मूळ तारीख आणि वाढवून घेतलेली तारीखही दिसते, तीही टिपून ठेवा.

प्राधिकरण सेक्टर २७

काकांनी पाण्याचं सांगितलं, मी हवेचं सांगते. माझ्या आईला दमा होता, त्यामुळे हे सगळं करून झालंय.

तुम्ही शहराचा सरासरी एक्यूआय, म्हणजे हवेच्या प्रदूषणाचा आकडा, घेतला असेल तर तो काढून टाका. हवा मोजणाऱ्या केंद्रागणिक आकडे मिळतात. पुनावळ्यासाठी वाकड पार्क स्ट्रीट, थेरगाव, भूमकर नगर बघा. सूससाठी जवळचं पाषाण पंचवटी. पण पंचवटी टेकडीच्या कडेला आहे आणि सूस हायवेच्या पलीकडे, तेव्हा तो आकडा सूसचा म्हणून जसाच्या तसा धरू नका. वर्षाची सरासरीही बघू नका, पावसाळ्याचे चार महिने ती खाली ओढतात. डिसेंबर-जानेवारीतले सकाळचे तास बघा, दम्याच्या माणसाला तेच जड जातात.

अजून एक. ‘मर्यादेत’ असं लिहिलेलं दिसलं तर कुणाची मर्यादा ते बघा. पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, आपल्या देशाची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची मर्यादा ५ वर आणली. आणि इमारतीच्या आसपास अर्धा किलोमीटर पायी फिरा. आरएमसी (तयार काँक्रीटचा) प्लांट असेल तर झाडांच्या पानांवर राखाडी थर दिसतोच. आम्ही आईसाठी एक फ्लॅट केवळ त्या पानांवरून सोडला.

रावेत २००९

हवेचं फार बरोबर. माझं एक राहिलंच. पुनावळे पवनेच्या काठी आहे, त्यामुळे इमारत निळ्या आणि लाल पूररेषेच्या कुठे येते ते नकाशावर बघा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडवर एकतानगरीत पाणी घुसलं ते आठवत असेलच. आणि विकास आराखड्यातली आरक्षणं, म्हणजे कुठली जागा कशासाठी राखून ठेवलीय ते, बघा. पुनावळ्यात कचरा डेपोचं आरक्षण होतं. २०२३ मध्ये लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे ते रद्द करण्याची घोषणा झाली. आरक्षण नकाशावर आधीपासून होतं, फ्लॅट घेताना तो नकाशा फार थोड्यांनी उघडला.

मुक्काम कर्वेनगर

काका, ताई, खूप आभार. काल रात्री शीट परत उघडलं आणि शहराच्या क्रमवारीची ओळ काढून टाकली. सूस ७१ चं ४४ झालं, पुनावळे ५८ चं ४३. सत्तर गुणांपैकी एकाचा फरक! तीन रविवार मी ज्याच्या जोरावर सूस सूस करत होते ते सगळं त्या एका ओळीत होतं.

आज संध्याकाळी सूसच्या सोसायटीत फोन केला. सेक्रेटरी बाई आधी जरा बिचकल्या, वही कशाला हवी म्हणाल्या. मग मीच माझं सगळं सांगितलं, सासऱ्यांचं, मुलीचं. तेव्हा म्हणाल्या, ‘या गुरुवारी, अहवालही दाखवते, मलाही घेताना कुणी दाखवला असता तर बरं झालं असतं.’ पुनावळ्याची सोसायटी मात्र अहवाल फक्त सभासदांनाच देतो म्हणतेय.

टोकन थांबवलंय. शाळांचं कुणी सांगेल का?

चिखलीकर

यूडायस प्लसवर, म्हणजे सरकारच्या शाळांच्या माहितीच्या साइटवर, शाळेचं नाव टाका. पटसंख्या, शिक्षक किती, वर्गखोल्या किती, सगळं येतं. पट भागिले शिक्षक एवढं काढा. आणि पुनावळ्याचा फ्लॅट विकणारा स्वतः सभासद आहे ना? मग अहवाल त्यालाच आणायला सांगा.

मुक्काम कर्वेनगर

हे सुचलंच नव्हतं. लगेच फोन करते.