विषय: फार्मसीचं लायसन्स राज्याचं, पासपोर्ट वॉशिंग्टनचा. असं का?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात माझी नागरिकत्वाची मुलाखत आहे. प्रश्नोत्तरं पाठ झाली, पण एक गोष्ट डोक्यात बसत नाही. मी फार्मसिस्ट. पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स हातात होतं, तरी न्यू जर्सीत आल्यावर इथल्या फार्मसी कायद्याची परीक्षा वेगळी द्यावी लागली. गोळ्या त्याच, डोस तेच! पासपोर्ट मात्र वॉशिंग्टनकडून. कुणाचा अधिकार कुठे, हे लिहिलंय कुठे? शाळेत नागरिकशास्त्रात केंद्रसूची, राज्यसूची शिकलो होतो, तशी राज्यसूची इथल्या घटनेत मला सापडली नाही. आणि राष्ट्राध्यक्षांच्या एका सहीने यातलं किती बदलू शकतं?

– एडिसनहून

------

ताई,

राज्यसूची सापडली नाही, कारण ती नाहीच. पहिल्या कलमाचा आठवा विभाग काढा. तिथे काँग्रेसचे, म्हणजे इथल्या संसदेचे, अधिकार मोजून दिलेत: चलन, टपाल, युद्ध पुकारणं, परदेशांशी आणि राज्याराज्यांतला व्यापार, नागरिकत्व देण्याचे नियम. म्हणून तुमची मुलाखत केंद्राकडे. जे केंद्राला दिलेलं नाही आणि राज्यांना मना केलेलं नाही, ते राज्यांचं किंवा जनतेचं, असं १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलंय. तुमच्या काउंटरवरच बघा ना. गोळी राज्यांच्या सीमा ओलांडून विकली जाते, म्हणून तिला एफडीएची, म्हणजे केंद्राच्या औषध नियामक संस्थेची, मंजुरी. ती गोळी देणारा माणूस लायक आहे की नाही, हे ठरवणार राज्य.

भारतात नेमकं उलटं आहे. तिन्ही सूच्यांत नसलेला विषय कलम २४८ नुसार संसदेकडे जातो. मला वाटतं, याचं मूळ जन्मकथेत आहे. इथे राज्यं आधी होती. १७८७ च्या उन्हाळ्यात त्यांचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात बसले आणि आपल्याकडचे काही अधिकार त्यांनी केंद्राला काढून दिले. आपला महाराष्ट्र मात्र १ मे १९६० ला झाला तो संसदेच्या कायद्याने. संयुक्त महाराष्ट्रासाठी लोक रस्त्यावर उतरले, हुतात्मे झाले, पण शेवटी मागणी करायची ती दिल्लीकडेच. राज्याच्या सीमा बदलताना तिथल्या विधिमंडळाचं मत संसदेला मागवावं लागतं, ते मानण्याचं बंधन नाही. इथे एखाद्या राज्यातून नवं राज्य काढायचं तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती हवीच.

आता सहीचं. १९५२ साल, कोरियाचं युद्ध चालू, पोलाद कामगार संपाच्या तयारीत. ८ एप्रिलला अध्यक्ष ट्रुमन यांनी आदेश काढून देशातले बहुतेक पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. कारखानदार कोर्टात गेले. २ जूनला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी आदेश रद्द केला: काँग्रेसने असा अधिकार दिलेला नाही, आणि कायदा करणं हे अध्यक्षांचं काम नव्हे. नऊच्या नऊ न्यायाधीश रूझवेल्ट किंवा खुद्द ट्रुमन यांनी नेमलेले होते. तरीही हा निकाल, आणि ट्रुमन यांनी तो मानून कारखाने लगेच परत केले. पुढे संप ५३ दिवस चालला. भर युद्धात! मुलाखतीत सरकारच्या तीन शाखांची (काँग्रेस, अध्यक्ष, न्यायालयं) नावं सांगाल तेव्हा हा प्रसंग मनात असू द्या, नावं विसरणार नाहीत.

– प्रिन्स्टनचे काका

------

काका, फार छान समजावलंत. एक भर घालते. जिथे थेट कायदा करता येत नाही, तिथे वॉशिंग्टन पैशाची थैली वापरतं. १९३३ च्या एकविसाव्या दुरुस्तीने दारूबंदी उठवली आणि दारूचा विषय मुख्यतः राज्यांकडे आला. साउथ डकोटात १९ व्या वर्षी सौम्य बिअर विकत घेता यायची. मग १९८४ मध्ये काँग्रेसने कायदा केला: वयाची अट २१ नसेल तर महामार्गांच्या निधीतला थोडा वाटा कापू. साउथ डकोटा कोर्टात गेलं आणि १९८७ मध्ये हरलं. आज पन्नासही राज्यांत अट २१ चीच आहे.

पण या थैलीलाही मर्यादा आहे. मेडिकेड म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी केंद्र आणि राज्यं मिळून चालवतात ती आरोग्य योजना. २०१० च्या आरोग्य कायद्यात, मेडिकेडचा विस्तार न करणाऱ्या राज्याचा मेडिकेडचा चालू निधीही बंद करण्याची तरतूद होती. ती २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सक्ती ठरवली. महामार्गाचे थोडे पैसे कापणं वेगळं आणि राज्याच्या डोक्याला बंदूक लावणं वेगळं, असा तो फरक होता. त्यामुळे मेडिकेड वाढवायचं की नाही, हे आजही प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. ताई, काउंटरवर तुम्हाला हे रोज दिसत असेल.

– चेरी हिलहून