पेशीला धागे फुटले, म्हणजे चेतापेशीचा विकास झाला का?

सुमेधा_क
वनस्पतीतून वेगळे काढलेले एखादे संयुग प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पीसी-१२ पेशींना दिल्यावर त्यांना न्यूराइट, म्हणजे लांब धाग्यांसारखे प्रवर्ध, फुटले, असे शोधनिबंधांत वारंवार वाचायला मिळते. एवढ्यावरून ते संयुग चेतापेशींच्या विकासाला पोषक आहे असे लिहिणे योग्य ठरेल का?

अक्षतंतू
माझ्या मते नाही. या पेशी मुळात उंदराच्या अधिवृक्क (मूत्रपिंडावरील) ग्रंथीतील गाठीतून १९७६ मध्ये तयार केलेल्या आहेत. चेतावर्धक घटक, म्हणजे एनजीएफ, मिळाला की त्या विभाजन थांबवून चेतापेशींसारखे रूप घेतात. फॉर्स्कोलिन हे वनस्पतिजन्य संयुग ॲडेनिलिल सायक्लेज या विकराला उत्तेजित करून सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आत संदेश पोहोचवणारा रेणू वाढवते आणि त्यामुळेही धागे फुटतात. म्हणजे एक संकेतमार्ग, पेशीतील संदेशवहनाची एक साखळी, जागा झाला, एवढेच यातून सिद्ध होते. चेतासंधी, म्हणजे चेतापेशींमधले जोड, जुळल्या की नाही, किंवा ते संयुग रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ओलांडते की नाही, हे प्रश्न शिल्लकच राहतात. शिवाय पेशींची जीवनक्षमता वेगळी तपासणे अत्यावश्यक आहे, कारण विषबाधेने आकसलेल्या पेशीच्या मागे राहिलेला धागा घाईत मोजणाऱ्याला नवा वाटू शकतो.

निरीक्षक
वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु काळाचा मुद्दा राहून गेला आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतील आयडाहो राज्यात एकाच डोळ्याची कोकरे जन्मू लागली, तेव्हा शोध घेता घेता व्हेराट्रम कॅलिफोर्निकम ही रानटी वनस्पती दोषी ठरली. तिच्यातील सायक्लोपामीन हे अल्कलॉइड हेजहॉग संकेतमार्ग अडवते, आणि गर्भाच्या अग्रमेंदूचे दोन अर्ध होण्यासाठी नेमका तोच मार्ग लागतो. मेंढीने ती गर्भधारणेच्या चौदाव्या दिवसाच्या आसपास खाल्ली तर हा दोष उद्भवतो; गर्भधारणेच्या तिसाव्या दिवसाच्या आसपास खाल्ली तर डोळे शाबूत राहतात, मात्र पायांची हाडे आखूड होऊ शकतात. संयुग तेच, वनस्पती तीच, फक्त दिवस बदलला.

सुमेधा_क
दोघांचेही आभार. मग धाग्यांच्या वाढीवर थेट परिणाम करणारी संयुगेही असतील ना?

अक्षतंतू
आहेत. प्रत्येक अक्षतंतूच्या, म्हणजे चेतापेशीच्या संदेश वाहून नेणाऱ्या लांब धाग्याच्या, आत ट्युब्युलिन या प्रथिनाच्या सूक्ष्मनलिका असतात. कोल्चिसीन हे वनस्पतिजन्य संयुग त्या जुळू देत नाही, तर पॅसिफिक यू वृक्षातून मिळालेले पॅक्लिटॅक्सेल त्या सुटू देत नाही. परिणाम उलटे असूनही दोन्ही चेतातंतूंना इजा करू शकतात, आणि पॅक्लिटॅक्सेल घेणाऱ्या कर्करुग्णांच्या हातापायांना येणारा बधिरपणा त्यातूनच उद्भवतो असे मानले जाते. म्हणूनच तुम्ही निबंध लिहाल तेव्हा 'पोषक' हा शब्द टाळा आणि कोणत्या पेशीत, किती मात्रेत, किती तासांनी, काय दिसले, तेवढेच मांडा.