संडास उकरून बाटल्या काढणारे ‘इतिहासप्रेमी’

खापरखुणा
जुन्या बाटल्या जमवणाऱ्या हौशींनी फिलाडेल्फियात परसातला जुना प्रिव्ही, म्हणजे खड्ड्याचा संडास, उपसून पोतंभर बाटल्या काढल्याची पोस्ट सगळ्यांनी वाचलीच असेल. शेवटचं वाक्य होतं, ‘आम्ही नसतो तर हे सगळं बुलडोझरखाली गेलं असतं.’ त्या एका वाक्यासाठी एवढं लिहितोय.

प्रिव्हीत थर असतात. तळाला वापराचा थर: काळपट-हिरवट, मऊ, रासबेरीच्या, अंजिराच्या, टोमॅटोच्या बियांनी भरलेला. मध्येमध्ये वास मारण्यासाठी टाकलेला चुना आणि राख. वर, खड्डा बंद करताना ढकललेला भराव. तळातली बाटली आणि भरावातली बाटली यांत पन्नास वर्षांचं अंतर असू शकतं. तुम्ही दोन्ही एकाच बादलीत घालता. बाटली कपाटात जाते. माशांची हाडं, चिलमींच्या नळ्या, बुटाचं चामडं आणि खापरं परत खड्ड्यात. त्याच शहरात अमेरिकन राज्यक्रांतीच्या संग्रहालयाच्या जागी बांधकामाआधी रीतसर उत्खनन झालं. विटांचे बारा प्रिव्ही, 82 हजारांवर वस्तू. ‘ट्रायफीना’ जहाजाचं चित्र असलेला पंचचा वाडगा तुकडे जुळवून उभा राहिला, आणि त्या कचऱ्यावरून तिथला विनापरवाना गुत्ता उजेडात आला. तुमच्या हाती तो वाडगा लागला असता तर ‘फुटका आहे’ म्हणून गेला असता भरावात.

टी_हँडल
लेख छान. प्रोब, म्हणजे माती चाचपायची सळई, कधी हातात धरलेला दिसत नाही.

खड्डा सापडतो तो नुसत्या फावड्याने नाही. आधी सॅनबॉर्नचे विम्याचे नकाशे (1867 पासूनची कंपनी, विटांचं बांधकाम गुलाबी, लाकडी पिवळं). त्यावरून प्लॉटची मूळ हद्द काढायची, कारण प्रिव्ही बहुधा मागच्या हद्दीला, कोपऱ्यात. मग पाच फुटी स्प्रिंग स्टीलची सळई, पाऊण-एक सेंटिमीटर जाड, वर आडवी मूठ. टोकाला सळईपेक्षा किंचित जाड गोळी वेल्ड केलेली, म्हणजे दांडा मातीत घासत नाही आणि जे काही लागतं ते टोकालाच लागतं. न हललेली चिकणमाती सारखा विरोध करते. खड्ड्यावर सळई एकदम सैल जाते, राखेत करकरते, काचेला ‘टिक’ वाजते. इथे जोर लावलात तर बाटलीला भोक.

बुलडोझरचं म्हणाल तर ऐतिहासिक वारसा जपण्याच्या 1966 च्या अमेरिकी कायद्याचं कलम 106 केंद्राचा पैसा किंवा परवाना असेल तिथेच लागू होतं. खाजगी बिल्डरने खाजगी पैशाने पाया खणला तर बऱ्याच ठिकाणी कोणी विचारतही नाही. ती माती डंपरमधून जाते. तिथे कोणते थर वाचवता तुम्ही?

खापरखुणा
बिल्डरच्या जागेबद्दल मान्य. पण बहुतेक व्हिडिओ कुणाच्या तरी हिरवळीवरचे असतात, तिथे पुढची शंभर वर्षं डंपर फिरकणार नाही. आणि ‘मालकाची परवानगी आहे’ हे पालुपद सगळीकडे चालत नाही. इंडियानात 31 डिसेंबर 1870 पूर्वीच्या वस्तू शोधायला खणायचं असेल तर स्वतःच्या जमिनीवरही राज्याने मंजूर केलेला आराखडा लागतो. केंद्राच्या जमिनीवर पुरातत्त्वीय वस्तूंच्या रक्षणाचा 1979 चा कायदा आहेच.

परसाकडे
वाचून एक प्रश्न पडला. आपल्याकडे हा छंद का नाही? कारण आपल्या शहरांत टोपलीचे संडास होते. मागच्या बोळातून माणूस यायचा आणि डोक्यावरून घेऊन जायचा. खड्ड्यात साठायला काही उरलंच नाही. सगळं एका जातीच्या डोक्यावर गेलं. कणकवलीत गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धन सोनखताचे (मैल्याचं खत करणारे) संडास बांधून ते ओझं उतरवू पाहत होते, आणि इथे हौस म्हणून शनिवार-रविवार मैल्यात उतरायचं!

टी_हँडल
माहिती अर्धी आहे. अमेरिकेतही रात्री उपसा करणारे होते, बादल्या आणि गाडी घेऊन. त्यामुळेच खूपसे खड्डे ‘डिप्ड’, म्हणजे आधीच उपसलेले, निघतात: वर भराव, तळाला चार बोटं काळा थर आणि कडेकोपऱ्यात निसटलेल्या एक-दोन बाटल्या. दहा फूट खणून असा खड्डा लागणं म्हणजे दुर्दैव.

परसाकडे
शेवटचं वाक्य परत वाचा. रात्री कुणीतरी हाताने खड्डा साफ केला हे *तुमचं* दुर्दैव.

टी_हँडल
शब्द पकडून भांडायचं असेल तर मी मोकळा नाही. दीडशे वर्षांत त्या थराची माती झालेली असते. मैल्यात कोणी उतरत नाही.

परसाकडे
म्हणजे अमेरिकेत ‘माती’ आणि आपल्याकडे टाकीत माणूस मेला की चार ओळींची बातमी. हाताने मैला उपसण्याच्या बंदीचा 1993 ला कायदा, 2013 ला पुन्हा कायदा, 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने दहा लाख भरपाई ठरवली, 2023 ला तीस लाख केली. रक्कम वाढली, उतरणं थांबलं नाही.

मोजपट्टी
दोघेही दोन वेगळ्या खड्ड्यांबद्दल बोलताय. चालू सेप्टिक टँकमध्ये ओला मैला हवेशिवाय कुजतो. हायड्रोजन सल्फाइड गाळात अडकलेला असतो, ढवळला की सुटतो, आणि जास्त प्रमाणात नाकच बधिर करतो, म्हणून वास गेला की धोका गेला असं वाटतं. माणूस तिथेच पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. जुना प्रिव्ही भरावाने बुजलेला, बहुधा कोरडा असतो. तिथे मरण वेगळ्या वाटेने येतं: बाजू ढासळते.

एक घनफूट माती साधारण 45 किलो. छातीपर्यंत माती आली की डोकं बाहेर असूनही श्वास घेता येत नाही. अमेरिकेत कामगारांसाठी पाच फूट किंवा त्याहून खोल चराला आधार लागतो आणि उपसलेली माती कडेपासून किमान दोन फूट लांब ठेवावी लागते. हौशी लोकांना हा नियम लागू नाही, मातीला ते माहीत नसतं. लाकडी अस्तर कुजलेलं, म्हणजे बाजूला आधार शून्य. फिलाडेल्फियाचे विटांचे गोल खड्डे वीस फूट आणि त्याहून खोल जातात. वीटकाम बहुधा चुन्याशिवाय, नुसतं दाबाने धरलेलं. एक वीट ‘आठवण म्हणून’ ओढली की वरची रांग सुटते. शिवाय धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि ओहायो-मिसिसिपी खोऱ्यात पक्ष्यांच्या विष्ठेची जुनी माती असेल तर हिस्टोप्लाझ्मा या फुप्फुसाला बाधणाऱ्या बुरशीसाठी मास्क.

भराव घालताना आठ-दहा इंचांचे थर करून धुम्मस करा. नाहीतर पहिल्या पावसात मालकाच्या हिरवळीत बशी तयार.

शीशमहाल
ते मरणाचं राहू दे. त्या पोस्टमधली मेसनची (फिरकीच्या झाकणाची काचेची) बरणी ‘1858 ची’ नाही. 30 नोव्हेंबर 1858 ही पेटंटची तारीख, पुढे कित्येक दशकं तीच छापत राहिले. साच्याची शिवण बघा. ओठाच्या काठापर्यंत गेली असेल तर यंत्राची बाटली, म्हणजे ओवेन्सच्या आपोआप बाटल्या घडवणाऱ्या यंत्रानंतरची, विसावं शतक. जांभळी काच दिसली म्हणून उड्या मारू नका; मँगनीजची काच किरणोत्सर्गाने मुद्दाम गडद जांभळी करून विकतात. आणि बाटली वर आली की लगेच गरम पाण्यात घालू नका. थंड मातीतली काच तडकते.

गोटी सोड्याची कॉड बाटली मात्र तिथल्या खड्ड्यांत क्वचितच. ती ब्रिटिशांची, आणि आपल्याकडे ती अजून धुऊन-भरून वापरात आहे!

खापरखुणा
धागा बाटल्यांचे भाव सांगण्यासाठी काढलेला नाही.

टी_हँडल
मग पुराव्याचंच बोला. न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स या जुन्या गरीब वस्तीच्या जागी 1991 ला तज्ज्ञांनीच खणलं, साडेआठ लाखांच्या आसपास वस्तू. ठेवल्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या इमारतीच्या तळघरात. 2001 मध्ये जवळपास सगळं गेलं, बाहेर उसने दिलेले अठरा नग वाचले. हौशी माणसाच्या कपाटात असत्या तर आज असत्या.

खापरखुणा
उदाहरण तुम्हीच दिलंत, बरं झालं. वस्तू गेल्या, तरी कोणत्या प्रिव्हीतून, कोणत्या थरातून, कशाबरोबर काय निघालं ते लिहून ठेवलेलं आहे. त्या नोंदींवर आजही अभ्यास होतो. तुमच्या कपाटातली बाटली धडधाकट आहे, पण ती कुठली हे तुम्ही सोडून कोणालाच सांगता येणार नाही. तुमच्यानंतर लिलावात ‘ॲक्वा (निळसर-हिरवी काच), पाँटिल (तळाला दांड्याचा व्रण), उत्तम स्थिती’ एवढंच उरेल.

टी_हँडल
हं. थराथराला फोटो, खोलीची नोंद, भरावाची आणि तळाची पोती वेगळी. एवढं करीन. खापरंही ठेवीन, बायको काय म्हणेल ते म्हणो. पण बिया चाळत बसणार नाही.

खापरखुणा
एक मिलिमीटरची जाळी आणि बादलीभर पाणी. तळाची माती विरघळवा, तरंगतं ते फडक्यावर घ्या. तासाभराचं काम.

परसाकडे
चाळणी स्वयंपाकघरातली नको म्हणजे झालं. आणि तो उपसा करणारा माणूस नोंदीत कुठल्या थरात लिहिणार, तेही ठरवा.