‘विथड्रॉवल’ला मराठीत काय लिहावं?

तापीकाठ, जळगाव: फार्मसीच्या मुलांसाठी मराठीत टिपणं काढतोय. अफूतून निघणाऱ्या मॉर्फिनची सवय लावलेल्या उंदराला मॉर्फिनचा परिणाम मोडणारं नॅलॉक्सोन टोचलं की तो थोड्याच वेळात उड्या मारायला लागतो, हगवण लागते. याला, म्हणजे सवयीचं औषध तुटल्यावर होणाऱ्या त्रासाला (विथड्रॉवल), मी ‘तलफ’ लिहिलं. सहकारी म्हणतात, चूक. मग काय लिहू?

धुळेकर: ते बरोबर सांगताहेत, भाऊ. तलफ मनाची. आमच्याकडे ‘माले चहानी तलप लागनी’ म्हणतात, त्यात कुणाचं पोट बिघडत नाही. मुळात शब्द अरबी ‘तलब’वरून, म्हणजे मागणी. उंदीर काय मागतोय ते उड्यांवरून कसं कळणार? ‘अंमल उतरणे’ लिहा. राजस्थानात तर अफूलाच अमल म्हणतात.

शब्दनिष्ठ: अंमलही अरबीच. ‘निवर्तन’ का नको?

धुळेकर: कारण निवर्तणे म्हणजे मरणे! उंदीर जिवंत आहे, सर.

तापीकाठ: ‘उतरणे’त सावकाशपणा येतो. नॅलॉक्सोन मॉर्फिनला रिसेप्टरवरून (पेशीवर औषध जिथं चिकटतं त्या जागेवरून) हुसकावतं, सगळं एकदम होतं. शिवाय मुलं समजतात, मेंदूत निरोप पोचवणारं रसायन सेरोटोनिनही नुसतं उतरतं. मेंदूच्या खोडातल्या राफे केंद्रकांकडून (चेतापेशींच्या पुंजक्यांकडून) येणारं सेरोटोनिन या अवस्थेत घटल्याचं रॅटमध्ये दिसलंय, हे खरं. पण उलटीवर देतात ते ओन्डान्सेट्रॉन सेरोटोनिनचाच ५-एचटी३ रिसेप्टर अडवतं, आणि ते दिलं की उड्या कमी होतात. नुसतं घटणंच त्रासाचं कारण असतं, तर अडवून आराम पडला नसता. कुठला रिसेप्टर, हे सांगावंच लागतं.

केळीबाग, रावेर: तुम्ही आधी ‘उंदीर’ लिहिलं, आता ‘रॅट’. घोळ इथंच आहे. उड्यांवरून मोजतात ते मुख्यतः माऊसमध्ये, म्हणजे लहान उंदरात. रॅट, म्हणजे मोठा, अंग झाडतो, पाण्यातून निघालेलं कुत्रं मानेपासून शेपटीपर्यंत झाडतं तसं. इंग्रजीत त्या लक्षणाचं नावच ओल्या कुत्र्यावरून पडलंय. सेरोटोनिनचा ५-एचटी२ए रिसेप्टर चेतवला तरी रॅट असाच झाडतो, मॉर्फिन नसलं तरी. दोघांना एकच शब्द वापरलात तर मुलांना प्रयोग कळणार नाही.

शब्दनिष्ठ: मग मूषक आणि महामूषक करा.

केळीबाग, रावेर: महामूषक कोण म्हणतं, दादा? मोठ्याला लोक घूस म्हणतात.

धुळेकर: घूस वेगळी. ती बांध पोखरते. प्रयोगशाळेतला पांढरा रॅट घूस नाही.

केळीबाग, रावेर: आमच्या बागेत ठिबकच्या नळ्या कुरतडते तिला सगळे घूसच म्हणतात. पुस्तकातली जात वेगळी असेल, बोलण्यातली हीच.

तापीकाठ: मंडळी, विथड्रॉवलचं काय?

शब्दनिष्ठ: आधी प्राणी ठरू द्या. घूस मला मान्य नाही.

धुळेकर: मलाही नाही, पण महामूषक तर अजिबात नाही.