चौथ्या दिवसाची ती बैठक

'टॉर्चवुड' या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेतील आयान्टो या पात्राचा मृत्यू केवळ धक्का देण्यासाठी घडवला, असे एक मत आहे; ते मला पटत नाही. 'चिल्ड्रन ऑफ अर्थ' या तिच्या तिसऱ्या पर्वाचे पाच भाग बीबीसी वनवर ६ ते १० जुलै २००९ या काळात रोज रात्री एक याप्रमाणे दाखवले गेले आणि त्या सलगपणामुळेच चौथा भाग इतका असह्य होतो. कथेत परग्रहवासीयांना पृथ्वीवरील दहा टक्के मुले हवी आहेत. ती कोणती द्यायची याची चर्चा मंत्री टेबलाभोवती बसून, आवाज न चढवता करतात, आपली मुले-नातवंडे आधी वगळतात आणि शेवटी शाळांच्या गुणवत्ता यादीतील तळाच्या शाळांवर बोट ठेवतात. माझ्या मते संपूर्ण मालिकेतील सर्वांत भयंकर प्रसंग हाच आहे, आणि त्यात एकही परग्रहवासी दिसत नाही. याच भागात मालिकेचा नायक जॅक निव्वळ आवेशाच्या बळावर परग्रहवासीयांना आव्हान द्यायला जातो आणि त्याची किंमत आयान्टो मोजतो; हा मृत्यू कथेतूनच आलेला आहे. पाचव्या भागातील तोडगा मात्र फार घाईने सापडतो, हे मान्य. तरीही तो जॅकच्या नातवाच्या, स्टीव्हनच्या, जिवावर उभा असल्यामुळे त्या विजयाचा आनंद मला आजही होत नाही.